आजोबांची वही

कझाक लेखक मुख्तार औएझोव्ह यांचा जन्म १८९७ साली गुरे-मेंढ्या राखणाऱ्या समाजात झाला. थोर कवी अबाई (१८४५-१९०४) हे त्यांच्या आजोबांचे स्नेही. अबाईंच्या कवितांचे पहिले पुस्तक १९०९ साली निघाले. तोवर लोक त्या हाताने उतरवून घेत. आजोबांनी नातवाला अक्षरओळख करून दिली ती अशाच हस्तलिखितावरून. वडील लवकर वारले, पण आजोबांनी दिलेली अक्षरे जन्मभर पुरली.

१९३० साली सोव्हिएत सरकारने औएझोव्ह यांना तुरुंगात टाकले. आपली पूर्वीची मते चुकीची होती असे जाहीर लिहून द्यावे लागले, तेव्हा १९३२ साली सुटका झाली. एखादा लेखणी टाकून बसला असता. यांनी मात्र अबाईंना पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी जमवल्या आणि त्यांतून अबाईंच्या जीवनावर चार खंडांची कादंबरी उभी केली. पहिला खंड १९४२ साली आला, शेवटचा १९५६ साली. १९५९ साली तिला लेनिन पुरस्कार मिळाला.

आपल्याही घरात आजी-आजोबा आहेत. त्यांच्या आठवणी मुलांकडून वहीत उतरवून घ्या. उद्यावर टाकू नका.