जाहिरातीतला झगमगाट आणि पांढरा पुठ्ठा

विद्यार्थी मित्रांनो, उंची कपड्यांच्या जाहिराती तुम्ही पाहताच. चेहऱ्यावर एक डाग नाही, साडीची चुणी न् चुणी उठून दिसते, मागची भिंत काळीभोर. असे छायाचित्र लाखो रुपयांच्या सामग्रीशिवाय निघणारच नाही, असा आपला समज होतो. माझे मत वेगळे आहे. यातला बराच भाग तुमच्या प्रकाशाच्या धड्यातला आहे आणि तो गणेशपुरीच्या एखाद्या वर्गातही साधा मोबाइल घेऊन करून पाहता येईल.

प्रथम सावली पाहू. उन्हात हात भिंतीपासून १० सेंटिमीटरवर धरा. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्याने उपच्छाया जेमतेम १ मिलिमीटर रुंद पडते आणि सावली रेखीव दिसते. आता खोलीत, थेट ऊन न येणाऱ्या १ मीटर रुंद खिडकीपासून १ मीटरवर हात धरा. हा उगम ५३ अंशांचा झाला! उपच्छाया सुमारे १० सेंटिमीटर पसरते आणि सावलीची कडच विरून जाते. चेहऱ्यावरच्या बारीक खळग्यांच्या सावल्याही अशाच विरतात. स्टुडिओतली महागडी छत्री दुसरे काय करते? लहान दिव्याचा मोठा उगम बनवते.

युरोपातील चित्रकार उत्तरेची खिडकी पसंत करीत, कारण तिथे ऊन क्वचितच येते. आपण मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारीही सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा खिडकीला पातळ पांढरे सुती कापड लावा. यंत्रमागांच्या भिवंडी तालुक्यात त्याची वाण पडू नये!

खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. त्यावरून प्रकाशाचे विसरित परावर्तन होऊन काळोखी बाजू उजळते. काळे कापड धरले, तर तीच बाजू गडद होते. काळी भिंत हवी असेल, तर रात्री एकच लहान दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंतीपासून ३ मीटरवर ठेवा. व्यस्त वर्गाच्या नियमाने भिंतीला नवव्या हिश्श्याएवढाच प्रकाश मिळेल. कापडाची वीण दाखवायची असेल, तर प्रकाश बाजूने, अगदी तिरपा येऊ द्या.

महागडे कपडे, रंगभूषा आणि नंतरची संगणकावरची सफाई पुठ्ठ्याने साधणार नाही, हे खरे. पण प्रकाशाची जाण विकत मिळत नाही. नामवंत छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ तो विषय शिकवून ते १९७४ मध्ये लिंटास या जाहिरातसंस्थेत गेले. विज्ञान आणि कलेची वाट एकमेकींना वर्ज्य नाही, याचे हे घरचे उदाहरण.

‘शाळेत ही चैन कशाला?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश दुप्पट केला की, तीच त्वचा चित्रात उजळ दिसते. त्वचेतले रंगद्रव्य कणभरही बदललेले नसते. हा फरक ज्या मुलीने स्वतः दोन छायाचित्रे काढून पाहिला, तिला ‘आधी’ आणि ‘नंतर’ची जोडचित्रे दाखवून गोरेपणाचे मलम विकणे कठीण जाईल. आरशासमोर उभे राहून स्वतःला कमी लेखणाऱ्या कितीतरी मुलामुलींना या प्रयोगाची गरज आहे.

म्हणून शिक्षकांना विनंती: येत्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृतीशेजारी एक खिडकी, एक पुठ्ठा आणि एकाच चेहऱ्याची चार छायाचित्रे मांडा. प्रत्येकाखाली दिव्याचे अंतर आणि दिशा लिहा. आणि मित्रांनो, पुढची जाहिरात पाहाल तेव्हा आधी डोळ्यांच्या बाहुल्यांत निरखून पाहा. दिव्याचे प्रतिबिंब बहुधा तिथेच सापडते.