‘काही रबरी भाग’ म्हणजे नेमके कोणते?

थंडी पडली की चोकच्या तक्रारी वाढतात, हे आपल्या धंद्यात कुणाला सांगायला नको. पण यंदा दिवाळीनंतर आलेली पत्रं वेगळी आहेत. निफाडहून, कराडहून, लांज्याहून आलेल्या पत्रांत तेच वाक्य आहे: गाडी चोकवर चालते, चोक सोडला की बंद पडते. कार्बोरेटर दोनदा धुतला, स्लो जेट साफ केला, प्लग बदलला, तरी गिऱ्हाईक आठवड्यात परत दारात. येताना त्याच्या हातात पीयूसीचा ताजा कागद. मशीन म्हणतंय गाडी नीट आहे, मग बिघडवली तुम्हीच.

त्या कागदाचं आधी बोलू. २००० सालानंतरच्या, बीएस-६ पूर्वीच्या फोर-स्ट्रोक गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम आहे. मिश्रण लीन झालं की मोनॉक्साइड उलट खाली येतो. म्हणजे जी गाडी पेट्रोलवाचून तडफडते आहे, इंजिन तापतं आहे, रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके मारते आहे, तिचाच आकडा छान दिसतो. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगा. पीयूसी पास झाली म्हणजे ट्यूनिंग बरोबर आहे असं मुळीच नाही.

गाडी लीन का होते, तेही आता लपलेलं नाही. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, म्हणजे ई-२० ला, साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती स्वतःला सावरून घेते. कार्बोरेटरला सेन्सर नाही. २००८ साली बसवलेला जेट २००८च्या पेट्रोलच्या हिशेबानेच पेट्रोल सोडणार. गार इंजिनाला मुळातच घट्ट मिश्रण हवं असतं, त्यात ही तूट. म्हणून गिऱ्हाईक अर्धा चोक ओढून ठेवतो आणि तसाच दहा किलोमीटर कामावर जातो. गरम झाल्यावर तेच जादा पेट्रोल प्लग काळा करतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा खातं.

आता मूळ मुद्दा. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ई-२० वरच्या आक्षेपांना जाहीर उत्तर दिलं. काही जुन्या गाड्यांमध्ये वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, ते काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतं, असा त्याचा आशय होता. ते काम करणारी माणसं आपण आहोत. मग आपल्याला कुणी सांगितलं का, कोणते रबरी भाग? कोणत्या मॉडेलचे? पार्ट नंबर काय? नवा भाग ई-२० ला टिकणारा आहे की तोच जुना माल नव्या पाकिटात? २०२३ नंतरच्या गाड्यांना टाकीजवळ स्टिकर मिळाला. त्याआधीच्या गाडीवाल्याला बहुतेक पंपांवर दुसरं पेट्रोलही मिळत नाही. ई-२० बरोबर इथेनॉलविरहित पेट्रोलही द्यावं ही मागणी १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, त्यामुळे तो रस्ताही बंद झाला. निर्णय झाला असेल तर झाला. आपल्या महाराष्ट्रातला ऊस त्यात जातो, शेतकऱ्याला पैसे मिळतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ‘सहज होणाऱ्या’ या कामाची साधी एक पानाची यादी आजपर्यंत एकाही गॅरेजात पोचलेली नाही.

अधिकृत काउंटरवर गेलं तर काय होतं, हे पाच वाचकांनी पाच गावांहून कळवलं आहे. चोक प्लंजरचं टोकाचं रबर सुटं मिळत नाही. स्लो जेट सुटा मागितला तर पूर्ण कार्बोरेटर घ्या म्हणतात. बाजारातल्या किटमधल्या जेटवर नंबर बरोबर छापलेला असतो, भोक मात्र भलतंच. आठशे रुपयांच्या कामासाठी गिऱ्हाइकाला नवा कार्बोरेटर घ्यायला सांगायचा, हे स्वस्त कसं?

गणपतीनंतर माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. दीडशे सीसी, २०११ची, मालक मुंबईला, गाडी पावसाळाभर कोकणातल्या पडवीत उभी. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाला बसतं. बाऊल उघडला तर आत पांढरी पूड, स्लो जेट हिरवा. चोकचा प्लंजर काढला, तर टोकाचं रबर फुगून गोल चर पडलेला, म्हणजे चोक बंद असतानाही वाटेतून पेट्रोल झिरपत होतं. मी आधी प्लंजर बदलला, आणि गाडी आयडलला उभीच राहीना. स्लो जेट आधीच बुजलेला होता. इतके दिवस ती गाडी गळक्या चोकवरच जगत होती. दोन दोष एकमेकांना झाकून बसले होते. मी एक काढला तसा दुसरा उघडा पडला, आणि मालकाला वाटलं मीच गाडी मारली.

म्हणून आधी परीक्षा, मग पाना. इंजिन पूर्ण गरम करा, आयडलवर चोक थोडा ओढा. रेस सुधारली तर गाडी लीन आहे. लगेच गुदमरली तर मिश्रण ठीक आहे किंवा आधीच रिच आहे. लीन निघाली तर जेटला हात लावण्याआधी इन्सुलेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडावर थोडं ऑइल लावा. रेस बदलली तर तिथून हवा ओढते आहे, ओ-रिंग बदला. रिच निघाली तर चोकच्या केबलला प्ले आहे का बघा, प्लंजरच्या रबरावर नख दाबून बघा. प्लेटच्या चोकमध्ये लिव्हर परत जाते का तेही बघा. फ्लोट निडलचं टोक, बाऊलची ओ-रिंग, कॉकचं वॉशर, पेट्रोल पाइप, हे सगळं एकाच बैठकीत. सेटिंग स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर उघडल्यावर मिश्रण रिच होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट. हे माहीत असूनही कितीजण अंदाजाने फिरवतात!

आणि थोडं आपल्या माणसांबद्दल. जेटमध्ये क्लचची तार घालणं अजून थांबलेलं नाही. जेट पितळेचा आहे, एकदा भोक वाढलं की तो जेट गेला. चोकची लिव्हर दोऱ्याने बांधून गाडी परत देणारेही आपल्यातच आहेत. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या सभासदांना स्पष्ट सांगतो: गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं ही फसवणूक आहे. गाडी घेऊन देणाऱ्यांनी किक मारायच्या आधी सिलिंडरच्या फिन्सना हात लावावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं.

कागद कुणी पाठवेल याची वाट पाहत बसलो तर अजून दोन हिवाळे जातील. तो कागद आपणच तयार करू. या महिन्यात उघडलेल्या प्रत्येक कार्बोरेटरची नोंद ठेवा: मॉडेल, साल, किलोमीटर, कोणतं रबर फुगलं किंवा कडक झालं, जेटचा नंबर, कुठला भाग मिळाला, कुठे नाही म्हणाले. खराब रबर फेकू नका, पाकिटात घालून त्यावर गाडीचं साल लिहा. वीस गॅरेजांच्या नोंदी आल्या तरी फेब्रुवारीच्या अंकात मॉडेलवार तक्ता छापू, आणि तोच तक्ता, त्या पाकिटांसकट, मंत्रालयाला आणि कंपन्यांच्या सर्व्हिस विभागांना स्पीड पोस्टाने पाठवू. नोंदी १५ जानेवारीपर्यंत पोचायला हव्यात.