विश्लेषण : दोन प्रणालींचा संगणक अडला, की 'फॉरमॅट' हाच इलाज का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. त्यामुळे आहे ते विंडोज ठेवून शेजारी उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकणे, म्हणजेच 'ड्युअल बूट', हा मार्ग गोंदियासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना परवडणारा आहे. अडचण येते ती संगणक एखाद्या दिवशी एकच प्रणाली दाखवू लागला किंवा काळ्या पडद्यावर अडकला की. मग 'फॉरमॅट मारावा लागेल' असा सल्ला मिळतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

लिनक्स खरेच पुसले जाते का?

सहसा नाही. दोन्ही प्रणाली डिस्कच्या वेगवेगळ्या भागांत असतात. त्या सुरू करणारे छोटे प्रोग्राम तिसऱ्या, लहानशा भागात असतात आणि आधी कोणाची पाळी, याची नोंद मदरबोर्डवर असते. विंडोजचे मोठे अपडेट कधी कधी स्वतःला पहिल्या क्रमांकावर नेऊन ठेवते. लिनक्स जागेवरच असते, फक्त त्याची पाळी जाते. अशा वेळी संगणक सुरू होतानाच डेल किंवा लेनोव्होवर एफ-१२, एचपीवर एस्केप व मग एफ-९, तर आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबावे. येणाऱ्या यादीतून 'उबंटू' निवडावे. ते सुरू झाले, तर बायोसच्या सेटिंगमध्ये त्याला पुन्हा पहिले करावे. यात एकही फाइल पुसली जात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये काय घडले?

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरात अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना. पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येई. सुरक्षेतील एक फट बुजवण्यासाठी जुने लिनक्स बूटलोडर रोखण्यात आले होते. ड्युअल बूट संगणकांना हा नियम लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण असे सगळे संगणक अपडेटला ओळखता आले नाहीत. तात्पुरता उपाय होता 'सिक्युअर बूट' बंद करून लिनक्समधून तो नियम काढण्याचा. कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या अपडेटमध्ये आली. म्हणजे दोष ग्राहकाचाही नव्हता आणि डिस्कचाही. तरीही ज्यांनी त्या काळात फॉरमॅट केले, त्यांनी विनाकारण फाइली गमावल्या.

'ग्रब रेस्क्यू' दिसले तर?

लिनक्स नको म्हणून विंडोजमधून त्याचा भाग थेट काढून टाकला, की हा संदेश येतो. ग्रब हा निवडयादी दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या उरलेल्या फाइली त्याच भागात होत्या. विंडोज मात्र शाबूत असते. वर सांगितलेल्या यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडावे. जुन्या बायोसच्या संगणकाला विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट दुरुस्ती करावी लागते.

घड्याळ का चुकते?

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. म्हणून भारतात फरक पडतो तो नेमका साडेपाच तासांचा. विंडोजची डिस्क लिनक्समध्ये उघडली, पण त्यावर काही लिहिता येत नसेल, तर कारण बहुधा 'फास्ट स्टार्टअप' असते. ते विंडोजमध्ये बंद करावे. या दोन्ही गोष्टी बिघाड नव्हेत.

फॉरमॅटची किंमत कोण मोजतो?

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. ग्राहकाला संगणक त्याच दिवशी हवा असतो आणि फॉरमॅटचा निकाल हमखास मिळतो. कारण शोधत बसण्याचे पैसे कोणी देत नाही. पण किंमत मोजतो ग्राहकच. सालेकसा किंवा देवरीहून संगणक गोंदियाला न्यायचा, तर एक दिवस मोडतो. परत आलेल्या संगणकात प्रकल्प अहवाल, स्कॅन केलेले दाखले, घरचे फोटो नसतील, तर ती दुरुस्ती कसली? नवे विंडोज विकत मिळते, या गोष्टी मिळत नाहीत.

मग करायचे काय?

क्रम सोपा आहे : आधी बूटची यादी पाहावी, मग पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली बाहेर काढाव्यात, त्यानंतर बूटलोडर दुरुस्त करावा. फॉरमॅट सर्वांत शेवटी, तोही ग्राहकाला विचारून. बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर सुरू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की जवळ ठेवावी. नाहीतर विंडोजच कुलूपबंद होईल. ड्युअल बूट करण्याआधी फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.

हे शिकायला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत आहेत. आयटीआयच्या 'कोपा' अभ्यासक्रमातील मुलांकडून ही दुरुस्ती दोन-चार वेळा हाताने करून घेतली, तर तालुक्याच्या गावीच जाणकार तयार होतील. तोवर ग्राहकाने दुकानात एवढे तरी विचारावे : 'फॉरमॅटआधी माझ्या फाइली बाहेर काढल्या का?'