जर्मन सुरांचे वेड

मडके घ्यायचे झाले तर घरातली म्हातारी ते आधी बोटाने वाजवून पाहते; कुंभाराचे कूळ विचारीत बसत नाही. हे शहाणपण मातीच्या भांड्यापुरतेच का राहावे, असा आमचा सवाल आहे. खानदेशात मांडे खापरावर होतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या हद्दीजवळ खापर नावाचे गावही आहे. अशा गावी भजनी मंडळाच्या पेटीसाठी वर्गणी निघते ती घामाची असते. ती घेऊन चार जाणते शहरात जातात आणि दुकानदाराला पहिला प्रश्न करतात, "सूर जर्मन आहेत ना?" दुकानदार म्हणतो, "अर्थात!" येथे परीक्षा संपली!

अहो, सूर म्हणजे तरी काय? पितळेच्या पट्टीत एक खाच आणि तिच्यावर एका टोकाशी जखडलेली पातळ पितळी जीभ. भात्याची हवा खाचेतून गेली की जीभ थरथरते. जीभ व खाचेची कड यांतली फट रुंद राहिली तर हवा वाया जाते, सूर उशिरा बोलतो; फट उरलीच नाही तर जीभ अडकते. सारी विद्या त्या केसाएवढ्या फटीत आहे. जुने जर्मन सूर उत्तम होते, हे कोण नाकारतो? परंतु मोडीत निघालेल्या पेट्यांतले, कानशीने घासून घासून झिजलेले सूर केवळ नावावर खपावेत, आणि शेजारच्या सौराष्ट्रातल्या पालिताण्याच्या कारागिराने नीट बसवलेला नवा सूर 'देशी' म्हणून परत जावा, हा कुठला न्याय?

हे खूळ आपल्याकडेच आहे असे नाही. चार्ल्स व्हीटस्टनच्या १८२९ च्या पेटंटातून निघालेला इंग्रजी कॉन्सर्टिना हा आपल्या पेटीचाच चुलतभाऊ. दोन हातांत धरून ओढण्या-दाबण्याचे छोटे षट्कोनी वाद्य. त्याच्या जुन्या घडणीत प्रत्येक जिभेला स्वतंत्र चौकट असते. म्हणून तो महाग. आज काही कारागीर त्यात अकॉर्डियनच्या धर्तीचे सूर बसवतात. एका पट्टीवर दोन जिभा. आवाज थोडा निराळा, किंमत पुष्कळ कमी. कुलीन मंडळी तिथेही नाक मुरडतात. पण शिकणाऱ्याच्या हाती वाद्य तर येते!

जन्मावरून वाद्य जोखण्याचे फळ आपण भोगलेलेच आहे. परक्या, ठाम सुरांची म्हणून पेटीला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले. ते १९७१ मध्ये किलकिले झाले. त्याच वर्षांत गोविंदराव पटवर्धनांची पेटी नाटकाच्या रसिकांना डोलवीत होती. कानांनी निकाल केव्हाच दिला होता.

तेव्हा खापरकरांनो, पेटीही वाजवून घ्या. पट्टी न दाबता भाता भरा. तो लगेच बसला तर हवा गळते आहे. खर्जाची शेवटची पट्टी हलक्या हवेवर दाबा. सूर तत्काळ बोलला पाहिजे. जोडसुरांची पेटी असेल तर एका पट्टीचे दोन्ही सूर एकदम लावा. आवाज लाटेसारखा हेलकावला तर सूर मिळवलेले नाहीत. पॉलिश आणि नक्षी सर्वांत शेवटी पाहा. आणि दुकानात जाताना मोठा देणगीदार एक वेळ घरी राहिला तरी चालेल, मंडळातला वाजवणारा मात्र बरोबर हवा. एकादशीच्या रात्री भजनाला साथ करायची आहे ती त्याला. बिलावरची जर्मन अक्षरे काही गात नाहीत!