नोंद बदलली, पण कोणी आणि का?

गेल्या जयंतीच्या फलकावर आम्ही बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य छापले. विहारात अभ्यासाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "दादा, हे कोणत्या खंडात आहे?" आम्ही चौघांनी दोन रात्री खंड चाळले. सापडले नाही. वाक्य आमच्याच टिपणांच्या फाइलमधून घेतले होते. तिचे नाव होते 'टिपणे फायनल नवीन २'. ते तिच्यात कोणी टाकले, कुठून घेतले, काहीच कळेना.

मित्रहो, आपला इतिहास पुसला गेला असे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. मग आपल्याच टिपणांना इतिहास का नाही?

म्हणून आता आमची टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत, एका विषयाला एक फाइल, आणि त्या दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या. याला विकी म्हणतात. या विकीवर गिट चालते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते बनवले. प्रत्येक बदल 'कमिट' म्हणून नोंदला जातो: कोणी केला, कधी केला आणि का केला यासह. प्रत्येक कमिटचा क्रमांक त्यातला मजकूर आणि आधीच्या कमिटचा क्रमांक यांवरून काढला जातो. त्यामुळे जुनी नोंद कोणी गुपचूप फिरवली तर तिच्या पुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि ज्याच्याकडे प्रत आहे त्याला ते दिसते. शिवाय प्रत्येकाच्या प्रतीत पूर्ण इतिहास असतो. एक लॅपटॉप चोरीला गेला म्हणून काम बुडत नाही.

कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव 'ब्लेम' आहे. नाव वाईट आहे. त्याचा वापर कार्यकर्त्याला बैठकीत उभे करण्यासाठी केलात, तर पोरे लिहिणेच बंद करतील.

"ही आयटीवाल्यांची कामे" असे आमच्यातलेच काही म्हणाले. आम्हाला हे पटत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातला काही भाग गाळायला सांगितला. त्यांनी नकार दिला, अधिवेशन रद्द झाले. मग बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यातच दिला. १९३७ च्या आवृत्तीत गांधींची टीका आणि तिला दिलेले उत्तर आले, १९४४ च्या आवृत्तीत जातींवरचा जुना निबंध जोडला. काय वाढवले ते प्रस्तावनांत सांगितले आहे. काय बदलायला सांगितले गेले आणि का बदलले नाही, हे आज आपण वाचू शकतो ते त्या सवयीमुळे. आपल्याला निदान खंड आणि पान लिहायला काय हरकत आहे? आमच्याकडे कमिटच्या संदेशात ते नसेल तर टिपण 'अपुष्ट' या फोल्डरमध्ये जाते. लॅपटॉप नसणारे मोबाईलच्या ब्राउझरमधून गिटहबवर दुरुस्ती करतात. वेळ लागतो, पण होते.

खरी अडचण प्रसिद्ध करण्यात आहे. आम्ही अत्याचाराच्या प्रकरणांतही काम करतो. जबाब, गावे, नातेवाइकांचे फोन नंबर, सगळे टिपणांत येते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ज्या बाईला त्याच गावात राहायचे आहे तिचा प्रश्न उरतोच. गिट विसरत नाही, हाच त्याचा गुण इथे घातक ठरतो. आज फाइलमधून नाव खोडले तरी जुन्या कमिटमध्ये ते असतेच. इतिहास नव्याने लिहिता येतो, पण कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत परत आणता येत नाही. त्यामुळे आमच्या दोन वेगळ्या रिपॉझिटरी आहेत. जबाबांची रिपॉझिटरी इंटरनेटवर चढतच नाही. जाहीर विकीत कोणतीही भर पडण्याआधी दुसऱ्या माणसाने ती वाचलेली असते. यात हलगर्जी करणाऱ्याला, तो कितीही जुना कार्यकर्ता असो, आम्ही जाहीर विकीत लिहू देत नाही.

फलकावरचे ते वाक्य आम्ही विकीतून काढले नाही. त्याच्याखाली आता लिहिले आहे: 'मूळ सापडले नाही, बाबासाहेबांच्या नावे वापरू नये. आम्ही वापरले होते.' ते कमिट त्या विद्यार्थिनीच्या नावावर आहे.