छप्पर नसलेली मशीद

ऑक्टोबरअखेरीस चीनमधल्या च्वानझौला गेलो. उकाडा ओसरला होता, ईशान्येचा वारा सुटला होता. याच वाऱ्यावर पूर्वी इथली जहाजे दक्षिणेकडे निघत. अरब या बंदराला झैतून म्हणत.

इथली छिंगजिंग मशीद १००९ सालची. ग्रॅनाइटचा उंच दरवाजा शाबूत आहे, नमाजच्या दालनाला मात्र छप्परच नाही. भिंतींवर अरबी आयती, वर मोकळे आकाश. जवळच्या काइयुआन या बौद्ध मंदिराच्या मागच्या दोन खांबांवर चक्क कृष्ण कोरलेला! तमिळ व्यापाऱ्यांच्या पडलेल्या देवळाचे ते खांब.

आपल्याकडे इस्लामचा विषय निघाला की घोडा आणि तलवारच आठवते. बंदर कुणालाच आठवत नाही. आम्हा कोकणी मुसलमानांनाही नाही, याचे जास्त वाईट वाटते.

अर्थात च्वानझौही काही स्वर्ग नव्हता. १३५७ मध्ये इथल्या मुस्लिम सैनिकांनी बंड केले, १३६६ मध्ये ते चिरडताना परदेशी मुसलमानांची कत्तल झाली. कबरींचे दगड पुढे शहराच्या तटबंदीत गेले. विसाव्या शतकात तट पाडला तेव्हा ते बाहेर आले, आता संग्रहालयात आहेत. तिथे एका परक्या मुसाफिराच्या दगडापुढे उभे राहून मी फातिहा पढली. पहारेकऱ्याने पाहिले, काही बोलला नाही.