वर्गणी आमची, कमान कोणाची?

नारायण पेठेतील गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, वर्गणीदार आणि तमाम रहिवासी यांस —

श्रावण सरत आला की पेठेत ठरलेली रड सुरू होते. जागतिकीकरणानं धर्म बुडवला, पोरं हॅलोविन करायला लागली, परक्यांनी आपली संस्कृती गिळली. ही रड कोण रडतंय ते जरा नीट बघा. बहुतेक वेळा तो गृहस्थ मोबाइल कंपनीच्या कमानीखाली उभा असतो, आणि कमानीचा चेक त्याच्याच मंडळाच्या खात्यात जमा झालेला असतो.

उत्सवात केळकर रस्त्यानं एकदा पायी जा आणि कमानी वाचत चला. बांबूची परांची, तिच्यावर ताणलेला फ्लेक्स. मधोमध 'टू बीएचके, नदीकिनारी'. डावीकडे झटपट कर्ज देणारं ॲप. उजवीकडे वेलचीच्या नावानं मिरवणारा पानमसाला. त्याखाली दादा, भाऊ, साहेब, आणि साहेबांचे चिरंजीव. बाप्पा? आहेत की, खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. धर्म कोणी बुडवला याचा शोध घ्यायला अमेरिकेला जायला नको, या कमानीखालून एक चक्कर मारली तरी पुरे.

जगाची आणि या पेठेची ओळख काल-परवाची नाही. तो रस्ता ज्यांच्या नावाचा, ते न. चिं. केळकर 'केसरी'चे संपादक. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं. टिळक १९१८ मध्ये पत्रकार चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेला गेले. समुद्र ओलांडला की धर्म गेला, असं मानणारे लोक तेव्हा शहरात कमी नव्हते. त्याआधी १८९० मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापान झालं. रानडे, टिळक अशी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्याचा, म्हणजे जातबहिष्काराचा, धुरळा उडाला. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी! आज हसू येतं, यायलाच हवं. पण त्या भांडणात एक गोष्ट होती: धर्म म्हणजे काय यावर गावातली माणसं एकमेकांशी वाद घालत होती, तेही स्वतःची पदरमोड करून. आज वाद कुठे आहे? प्रायोजक ठरवतो, मंडळ मान डोलावतं.

आणि परंपरा, परंपरा म्हणून आम्हाला दटावू नका. केसरीवाड्याचा गणपती मानाचा पाचवा. 'केसरी'चा उत्सव १८९४ चा आणि वाडा टिळकांनी घेतला १९०५ मध्ये, बडोद्याच्या गायकवाडांकडून. सार्वजनिक उत्सव हीच त्या काळी नवी कल्पना होती, आणि छापखाना, रेल्वे, वर्तमानपत्र या त्या वेळच्या नव्या साधनांवरच ती महाराष्ट्रभर पसरली. तेव्हा नवं नको, परकं नको, असं आमचं म्हणणं मुळीच नाही.

आता मूर्तीकडे या. पेणच्या आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती कंटेनरमध्ये बसून अमेरिका, इंग्लंड, मॉरिशसला जातात. आम्हाला याचं कौतुकच आहे, कारागिराच्या घरात चार पैसे येतात. पण लांबच्या प्रवासाला आणि मोठ्या आकाराला प्लास्टर सोयीचं. ते हलकं, लवकर वाळतं, सहसा तडकत नाही. जी सोय गोदीसाठी केली तीच घरच्या पाटावर येऊन बसली. शाडूचा अभिमान धरणाऱ्यांनीही ऐकावं: शाडू मुठेच्या काठावर सापडत नाही, बरीचशी गुजरातेतून येते, आणि प्लास्टरचा जिप्सम राजस्थानातून. शुद्ध स्वदेशी, गल्लीतलं, असं काही उरलेलं नाही. मग निवड कशावरून करायची? आमचं उत्तर साधं आहे: पाण्यात गेल्यावर काय होतं त्यावरून. शाडू बादलीत विरघळते, माती कुंडीत जाते. प्लास्टरसाठी आपल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय शोधावा लागला. पूड टाका, ढवळा, दोन दिवस थांबा. देवाला निरोप देण्यासाठी रसायनाची पिशवी महापालिकेकडून आणायची, आणि हीच आपली सनातन रीत म्हणायची! जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण परवानगीशिवाय नदी-तलावात विसर्जनाला नाही. मोकळीक मिळाली म्हणून तीच मूर्ती आणावी असं नाही.

आवाजाबद्दल काय बोलावं! सीओईपी अभियांत्रिकीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं लक्ष्मी रस्त्यावर यंत्र घेऊन उभे राहतात. मिरवणुकीची सरासरी शंभर डेसिबलच्या पुढे गेल्याची त्यांची नोंद आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५. मिरवणूक अठ्ठावीस तासांच्या वर चालते. २०२३ मध्ये तर लेझरच्या झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आल्या, पुढच्या वर्षी पोलिसांना बंदी घालावी लागली. लेझरचा झोत आणि छाती फोडणाऱ्या स्पीकरच्या भिंती कोणत्या पुराणात आहेत? जगभरच्या नाइट क्लबातला सरंजाम भाड्यानं आणायचा, आणि कोणी तक्रार केली की तो धर्मद्रोही!

'आमच्याच सणाला का?' हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. ध्वनीचे नियम २००० सालचे आहेत आणि ते कर्ण्याचा धर्म विचारत नाहीत. मशिदीवरचा असो, लग्नाच्या वरातीतला असो, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा असो, आमची तक्रार सगळ्यांविरुद्ध आहे.

या सगळ्यातून काय झालंय बघा. न्यू जर्सीतला नातू मोबाइलवर आरती बघून हात जोडतो. तीच आरती ज्या गल्लीत चालू आहे तिथली त्याची आजी खिडक्या लावून, कानात कापसाचे बोळे घालून बसली आहे. पेठेतली कितीतरी घरं अनंत चतुर्दशीला कुलूप लावून लेकीकडे, कोथरूडला, नाहीतर थेट कोकणात निघून जातात. उत्सव जगाचा झाला आणि पेठेला पारखा झाला. २०२५ पासून तर हा राज्य महोत्सव. अभिनंदन. पण ज्यांच्या दारात मांडव घातलाय, त्यांना कोणी विचारलं का?

वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं जिने चढायची तेव्हा निदान दारात बोलणं व्हायचं. 'गेल्या वर्षी स्पीकर फार लावलात', असं अकरा रुपये देणारी काकूही ठणकावून सांगायची, आणि ऐकून घ्यावं लागायचं. एका कमानीत दोनशे घरांची वर्गणी निघायला लागली आणि पोरांनी जिने चढणं सोडलं. आमच्या मते बिघाड इथेच झाला.

म्हणून यंदा मंडळांकडे आमच्या मागण्या. कमानीवर देवापेक्षा मोठी जाहिरात नको, आणि पानमसाल्याची तर मुळीच नको. प्रायोजकाकडून किती आले, ध्वनियंत्रणेवर किती गेले, हा हिशेब मांडवाच्या फळ्यावर लावा. नोंदणीकृत मंडळाला तो धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो, आम्हाला दाखवायला लाज कसली? लेझर आणि भिंती बंद. ढोल-ताशा हवा, पण वादक आणि वेळ आटोक्यात ठेवून. आणि रहिवाशांनो, नुसत्या मंडळांच्या नावानं बोटं मोडू नका. कार्यकर्ता दारात आला तर पाकीट काढण्याआधी गेल्या वर्षीचा हिशेब मागा. मिळाला तर नेहमीच्या दुप्पट वर्गणी द्या. नाही मिळाला तर पावतीबरोबर हे पत्रक त्याच्या हातात ठेवा.

— नारायण पेठेतील काही वर्गणीदार
(वाचून झाल्यावर जिन्यात टाकू नये, शेजारी द्यावे.)